मंजूर मजकूर

बाबांना पुरून आल्यावर सगळे हॉटेलच्या मागच्या खोलीत कॉफी आणि बटरकेक घेत बसले होते. नगराध्यक्ष ओल्टमान्स यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. उद्याच्या अंकासाठी त्यांनी बाबांवर लिहिलेला मजकूर.

"आधी तू वाच, गेझिने. तुझी मंजुरी हवी. रीतच आहे ना आपली."

रीत होतीच. बाबा आयुष्यभर गावच्या पेपरचे संपादक. नगराध्यक्षांची मुलाखत छापण्याआधी त्यांच्याकडेच मंजुरीला जायची. ते वाक्यं गाळायचे, बाबा उरलेली जुळवून घ्यायचे. एकदा मुलाखतीत बोलता बोलता ओल्टमान्स सांगून गेले, की इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद करायचं ठरलंय. ते वाक्य रेघ मारून परत आलं. बाबांनी छापलं नाही. गावाला कळलं ते दाराला कुलूप लागल्यावर. त्या हिवाळ्यात शेजारची आन्त्ये शहराच्या वाटेवर गाडीतच बाळंत झाली. मूल जगलं नाही. पुढे बाबा पाव आणायलासुद्धा तिचं दार टाळून, लांबच्या रस्त्याने जात. का, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

कागदावर लिहिलं होतं : 'त्यांनी मला कधीही अडचणीत आणलं नाही.'

पेपर आता विब्के सांभाळते. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हळूच म्हणाली, "हे काढ गं बाई. गाव वाचणार आहे."

"का म्हणून?" ओल्टमान्सना ऐकू गेलंच. "चांगलं बोललोय मी! तुम्हा पोरींना कौतुक पचत नाही. शिव्या द्या, की खूश."

"पण खरं आहे का?" मी विचारलं.

"अगं, अक्षर अन् अक्षर खरं."

विब्केने पेन पुढे केलं. टेबलाच्या त्या टोकाला आन्त्ये बसली होती. आली होती ती. बशीतला केक तसाच होता.

एका रेघेत बाबा सुटले असते. रेघेनंतरची वाक्यं कशी जुळवायची, ते मी घरातच शिकले होते.

मी पेन घेतलं. काहीही न गाळता कागदाखाली 'मंजूर' लिहिलं आणि सही केली.

"शाब्बास," ओल्टमान्स माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "बापाची लेक!"