चीक नसलेली केळी

पहिल्या केळ्याला विळी लावली आणि माझा हात थांबला. चीक आला नाही.

कच्च्या केळ्याचा चीक बोटं काळी करतो. मी दुसरं कापलं, तिसरं कापलं. बोटं स्वच्छच. सहा कॅरेट केळी, वरून सगळी हिरवीगार.

"तनुजा, ही केळी पिकवायच्या गॅसच्या खोलीत जाऊन आलीत."

माझी सून गच्चीवर कागद अंथरत होती. ती वाकली, केळं दाबून पाहिलं. "हिरवी तर आहेत, आत्या. वाळवू, दळू. कोणाला कळणार?"

"गोडी धरलेलं केळं वाळलं तरी चिवट राहतं. पिठाच्या गाठी होतात."

चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला शनिवारी पंचवीस किलो पीठ द्यायचं होतं, नवरात्राच्या उपवासासाठी. पसंत पडलं तर दर महिन्याला घेणार होते. आज गुरुवार. या पिठाच्या तयारीपायी तनुजा आठ दिवस तिच्या कारखान्यात कामावर गेली नव्हती. आज सेकंड शिफ्टला आली नाहीस तर नाव काढतो, असं सुपरवायझरने सांगितलं होतं. अडीचला कारखान्याची बस काळेवाडीच्या चौकात येते.

केळीवाले नूरमोहम्मद दहाला आले. एक केळं कापलं आणि कपाळाला हात लावला.

"माझीच चूक, अक्का. तीस वर्षांत न पिकवता केळं विकलंच नाही. गाडी आली की माल खोलीत. हातालाच सवय."

"मी दोनदा बजावलं होतं," तनुजा म्हणाली.

"बजावलं होतंस, पोरी."

"मग आता?"

"चाकणला कच्च्या केळ्यांची एक गाडी येणार होती. बघतो." जिना उतरता उतरता ते थांबले. "तुम्ही बौद्ध, मी मुसलमान, आणि नवरात्राचा घोर आपल्यालाच."

आम्ही हसलो नाही.

अकरा वाजले, बारा वाजले. ऊन कडक होतं आणि कागद रिकामे. चकत्यांना दोन दिवसांचं ऊन लागतं. तनुजा दोनदा खाली जाऊन आली. दुसऱ्यांदा कारखान्याचा निळा शर्ट घालूनच वर आली.

सव्वा वाजता नूरभाई टेम्पो घेऊन आले; कॅरेट गच्चीवर चढवेपर्यंत दोन वाजले. मी एक केळं कापलं. चीक मनगटापर्यंत ओघळला.

"शनिवारी नाही जमत," मी म्हणाले. "अर्धा दिवस गेला."

तनुजाने कॅन्टीनच्या उद्धवरावांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला, मला ऐकू यावं म्हणून.

"साहेब, केळी चुकीची आली होती. तसं पीठ देणार नाही. रविवारी संध्याकाळी देते."

पलीकडे भांडी वाजत होती.

"घट बसतात सोमवारी," ते म्हणाले. "रविवारी सातपर्यंत थांबतो. दुसऱ्याकडूनही मागवून ठेवतो. तुमचं वेळेत आलं, चांगलं असलं, तर बघू."

"म्हणजे नक्की नाही."

"नाही."

तिने फोन ठेवला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"जा तू," मी म्हणाले. "मी आणि नूरभाई कापतो."

"एकशे वीस किलो? तुम्ही दोघं?" ती म्हणाली. "अंधार पडेल, आत्या."

तिने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दुसरी विळी ओढून बसली. चौकात बसचा हॉर्न दोनदा वाजला. तिचा हात थांबला नाही. माझा थांबला.

"चकती पातळ करा," ती म्हणाली. "जाड राहिली तर रविवारही जाईल."