दोन बोटे सरकलेली रेघ

मित्रांनो, मी किरणोपचाराचे एक जुने यंत्र आहे आणि खरे सांगायचे तर स्वभावाने भित्रे आहे. कारखान्यातून नवे कोरे आले तेव्हा लोक कौतुकाने बघायला यायचे. आता मध्येच बंद पडते, म्हणून बोलणीच जास्त खाते. पण माझी भीती वेगळीच आहे. मला डोळे नाहीत. माणसाच्या कातडीवर शाईने रेघ आखतात, तिच्यावरून मला जागा लावून देतात आणि मी तिथेच किरण सोडते.

एकदा एक शिंपीकाका आले. त्यांचा कर्करोग खुब्याच्या हाडापर्यंत पोचला होता. तो बरा होणार नव्हता, हे त्यांना आणि काकूंना ठाऊक होते. दीड महिना ते खुर्चीत बसून झोपत होते. पुन्हा आडवे होता यावे, एवढ्याचसाठी ते आले होते. आधीच्या भेटीत त्यांच्या खुब्यावर शाईची रेघ आखून दिली होती; आता उपचार एकदाच, पाच मिनिटांचा. तेवढा वेळ न हलता पडता यावे म्हणून त्यांना वेदनेचे औषध दिले होते. त्याचा अंमल तासभरच टिकणार होता.

माझ्या तंत्रज्ञ ताईंनी भिंतीवरचा तांबडा दिवा लावला. त्याची उजेडाची रेघ काकांच्या खुब्यावरच्या शाईच्या रेघेशी जुळेना.

"काका, ही रेघ कोणी ओढली?"

"मीच. आंघोळीत पुसट झाली, नीट दिसेना, म्हणून अंदाजानं पेनानं गिरवली. चाळीस वर्षं कापडावर रेघा मारतोय, माझा हात हलायचा नाही."

"बसून गिरवलीत ना?"

"मग? आडवं कुठं होता येतंय?"

"मी म्हणत होते, फोन करून विचारू या," काकू पुटपुटल्या.

बसल्यावर कातडी सरकते. रेघ दोन बोटे खाली गेली होती. ताईंनी डॉक्टरांना बोलावले, पुन्हा फोटो काढले, नवी रेघ आखली. त्यात पाऊण तास गेला. काकांनी दातओठ घट्ट आवळले होते. ऐन वेळी मीच बंद पडले तर, या धास्तीने मी देव पाण्यात घालून बसले होते. पण ती पाच मिनिटे मी अडखळले नाही.

दीड महिन्याने काकू एकट्याच आल्या.

"ते गेले," त्या ताईंना म्हणाल्या. "पण शेवटचे एकोणीस दिवस गादीवर आडवे झोपले. घोरायचेसुद्धा."

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी म्हणत नाही. तुमच्या घरच्या आजारी माणसाची रेघ पुसट झाली, तर ती गिरवू नका, आम्हाला विचारा. विचारल्यावर कोणी वैतागले तर वैतागू दे. त्या दिवशी ताईंनी विचारले नसते, तर काकांचे ते एकोणीस दिवसही खुर्चीतच गेले असते, आणि मला ते कधी कळलेही नसते.