चार दिवस फिरणे बंद

राघोत्तम बोटाला कडकडून चावला, तरी तुळसीने साखर त्याच्या तोंडात कोंबलीच. मग त्याची लाथ पोटात बसली आणि ती घागरीवर आदळली. फरशीभर पाणी झाले. त्याच पाण्यातून उठून तिने पुन्हा मूठ भरली. पाचेक मिनिटांत त्याचा घाम ओसरला, डोळ्यांत ओळख आली.

"काय जाहलं?" त्याने विचारले. "मज काही आठवेना."

"काही नाही. फिरून आलात, साखर उतरली."

मद्रास बंदराच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या तिच्या नवऱ्याला अठ्ठ्याहत्तर साली मधुमेह निघाला, त्याला आता दोन वर्षे झाली होती. सेतुमाधव डॉक्टरांनी सकाळचे इंजेक्शन आणि रोज दोन मैल चालणे सांगितले. चालण्याचा गुण चांगला आला. पण इंजेक्शन घेऊन रिकाम्या पोटी तो अड्यारच्या पुलापर्यंत ताडताड जाऊन येई, तेव्हा कधी कधी साखर फारच खाली जाई.

"तो मारत नाही, तुळसी," डॉक्टर म्हणाले होते. "मेंदू उपाशी पडतो. साखर भरव, मनात धरू नको."

ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडला होता. लग्नाला अठरा वर्षे झाली होती आणि मार काही दोनच वर्षांचा नव्हता. तिसऱ्याच महिन्यात त्याने तिचे डोके भिंतीवर आपटले होते. आजार तेव्हापासूनच आत लपून असेल, असे तिने मनाशी ठरवून टाकले. जुन्या सगळ्या वळांना एक नाव मिळाले, आणि ती त्याच्याशी मायेने वागू लागली.

पुढच्या महिन्यात त्याच्या टाचेला फोड आला. चार दिवस फिरणे बंद. त्यात चुलत्याकडे मुंज. दोन वाट्या गोडमिट्ट पायसम कुणाचे न ऐकता पोटात गेले. पाचव्या सकाळी, इंजेक्शनच्या आधी, तुळसी नेहमीप्रमाणे काचेच्या नळीत निळे औषध आणि त्याच्या लघवीचे आठ थेंब घालून दिव्यावर तापवत होती. निळे राहिले तर साखर नाही. विटकरी झाले तर पुष्कळ.

"कॉफी?" बाहेरून आवाज आला.

"एवढं उकळू द्या. आणतेच."

तो आत आला तो कुत्र्यांसाठी ठेवलेली काठी घेऊन. पहिला फटका खांद्यावर, दुसरा भुवईवर. नळी कशीबशी स्टँडमध्ये ठेवून ती खाली बसली, तेव्हा तो पाठीवर मारू लागला, दात खाऊन, एकही शब्द न बोलता, काठी पिचेपर्यंत. डाव्या डोळ्यात रक्त उतरले. सवयीने ती सरपटत फळीपाशी गेली आणि साखरेचा डबा काढला.

ते पाहताच त्याने काठी टाकली. पाटावर बसला. तिने चमचा भरला, तसे तोंड उघडून वाट पाहू लागला.

नळीतले पाणी भाजल्या विटेसारखे लाल झाले होते.

तिने चमचा डब्यात उपडा केला. झाकण लावले.

"मज काही आठवेना," तो म्हणाला.

पदर भुवईवर दाबून ती जिना उतरली. दवाखाना दोन गल्ल्यांपलीकडे होता. वाटेत लोक थांबून पाहत होते. तिने मान खाली घातली नाही.

सेतुमाधव डॉक्टरांनी जखम धुतली, सुई ओवली. तिने तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "पुन्हा उतरली ना? फिरायला निघायच्या आधी खायला घाल, म्हणून किती वेळा सांगू?"

"आज ते फिरायला गेलेच नव्हते."

पहिल्या टाक्यावरच सुई थांबली.

"इंजेक्शनही घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "नळी लाल आहे. येऊन पाहा."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "तुळसी, मी..."

"तुम्ही शिवा," ती म्हणाली. "मी सांगते. पहिल्यापासून सांगते."