डिकीवरचा कौल

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा एका जुन्या निळ्या गाडीच्या डिकीवर खिळल्या होत्या. तिथे मागच्या दोन दिव्यांच्या मधोमध काळी पट्टी, पट्टीवर गाडीच्या नावाची अक्षरं, आणि ती अक्षरं आपोआप लाल पेटायची. इंजिन बंद, किल्ली मालकाच्या बायकोच्या मुठीत, तरी पेटायची. एकदा पेटली की ‘हो’, दोनदा पेटली की ‘नाही’. उत्तरं देणारे होते अण्णा, गाडीचे मालक. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता.

“देह सुटला, पण वाहन सुटलं नाही,” मौनीबाबा सांगत होते. ते नावापुरतेच मौनी. एकदा तोंड उघडलं की पट्टा सुरू. “वाहन म्हणजे काय? जे वाहतं ते. आत्मा काय करतो? वाहतो. आलं ध्यानात?”

कुणाच्याच ध्यानात आलं नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

अण्णांची थोरली लेक मागे खांबाला टेकून उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. आईच्या छातीत गाठ निघाली होती. ‘उशीर नको,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आईनं डिकीला विचारलं, डिकी दोनदा पेटली, आणि आईनं ऑपरेशनची तारीख रद्द केली. आज डिकीनं आणखी एक गोष्ट सांगितली : गाडी मौनीबाबांच्या मठाला देऊन टाका.

“अण्णांना मठाचं नाव तरी ठाऊक होतं का रे?” तिनं घरी धाकट्या भावाला विचारलं.

“गेल्यावर माणसाला सगळं कळतं, ताई.”

“मग आईची गाठ कसली आहे तेही कळत असेल. ते का नाही सांगत?”

भाऊ उठून गेला. आई खिडकीशी बसून खाली गाडीकडे बघत होती.

थोरलीला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी भाऊ कामावर गेला तशी तिनं किल्ली घेतली, खाली जाऊन डिकी उघडली आणि झाकणाचं आतलं अस्तर सोडवलं. अक्षरांच्या मागे बारीक एलईडी दिव्यांची नवी कोरी पट्टी चिकटवलेली होती. तिची वायर रिमोटवर चालणाऱ्या काडेपेटीएवढ्या डबीत आणि डबीची वायर थेट बॅटरीच्या लाईनवर गेली होती. अण्णांना गाडी सजवायची भारी हौस. हे काम त्यांचंच. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवायची सवय त्यांचीच. तिला भडभडून आलं. पण रिमोट कुठेच नव्हता.

डबीचा फोटो घेऊन तिनं गाडीच्या सजावटीचं एक दुकान गाठलं.

“हिचा रिमोट मिळेल?”

“हवा तो घ्या,” दुकानदार म्हणाला. “स्वस्तातला माल आहे. या डबीला या जातीचा कुठलाही रिमोट चालतो.”

पुढच्या बैठकीला ती सगळ्यांत पुढे उभी राहिली, एक हात पर्समध्ये. मौनीबाबांचा शिष्य नेहमीसारखा डिकीजवळ बसला होता. एवढ्या उकाड्यात त्याच्या अंगावर शाल होती.

“मला विचारायचंय,” ती म्हणाली. “अण्णा, हे मौनीबाबा खरे आहेत का?”

अक्षरं पेटली, विझली. पुन्हा पेटली.

शाल जोरजोरात हलू लागली, आणि अक्षरं नुसती फडफडत सुटली.

“आत्मा कोपलाय,” मौनीबाबा घाईनं म्हणाले. “आज बैठक नको.”

“आत्मा माझ्या पर्समध्ये आहे,” थोरलीनं रिमोट वर धरला आणि सगळ्यांसमोर अक्षरं पेटवून दाखवली. “याचा जुळा भाऊ त्या शालीत आहे.”

शेजारच्या काकांनी शाल ओढली. रिमोट फरशीवर पडला. मग शिष्याला वाचा फुटली : तो कामाला होता त्याच दुकानातून अण्णांनी सामान नेलं होतं, आणि त्या जातीचा एक रिमोट त्यानं तिथूनच उचलला होता. अण्णा गेल्याचं कळलं आणि गुरुशिष्यांनी डाव मांडला. तो हे सांगेपर्यंत मौनीबाबांनी काढता पाय घेतला होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते खरोखर मौनात होते.

लोक पांगले. आई गाडीपाशीच उभी राहिली.

“गेले त्या दिवशी सकाळी मी त्यांना टाकून बोलले होते,” ती हळूच म्हणाली. “म्हटलं, म्हातारपणी दिवे कसले लावताय गाडीला. मग इथे विचारलं, रागावून गेलात का? दोनदा पेटलं. मला तेवढ्यानं झोप लागायची गं. तेही तू नेलंस.”

थोरलीला क्षणभर वाटलं, हे एवढं खोटं राहू द्यावं. पण तिनं आईचा हात धरला.

“ते त्या शालवाल्यानं पेटवलं, आई. त्याला काय माहीत अण्णा कसे होते? तुला माहीत आहे. जन्म काढलास त्यांच्याबरोबर. किती वेळ टिकायचा त्यांचा राग?”

आईनं गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला.

“चहा उकळेपर्यंत,” ती शेवटी म्हणाली. “कधीकधी तेवढाही नाही.”

“मग?”

आईनं पदरानं डोळे पुसले. “डॉक्टरांना फोन कर.”

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ वाईटच निघाली, पण पसरली नव्हती. आणखी दोन महिने डिकीचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि भावानं विचारलं नाही. तो नुसता आईच्या उशाशी बसून राहिला.

दुःखात माणूस कौल मागतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त उत्तर देणाऱ्याचा हात कुठे आहे, तो काय दाबतो आहे आणि बदल्यात काय मागतो आहे, एवढं आधी पाहावं. आणि प्रश्न दुखण्याचा असेल, तर तो डॉक्टरांनाच विचारावा.