इस्त्रीच्या खोलीतली तालीम

युवा केंद्रातल्या नाटकाच्या वर्गात ताईंचा जीव होता. कुठून कुठून जीव वाचवून येऊन शहरात स्थिरावलेल्या घरांतली मुलं आणि इथलीच मुलं एका रंगमंचावर आणायची, हा त्यांचा ध्यास. पण बाहेरून आलेली मुलं एकेक करून गळायला लागली. शेवटी चिमणीही यायची थांबली, तेव्हा मात्र ताईंना राहवेना. नाव चिमणी, पण आवाज असा खणखणीत, की मागच्या रांगेत पेंगणाराही दचकून जागा व्हावा.

चिमणीची आई लॉन्ड्रीत कामाला होती. संध्याकाळी ताई तिथे पोचल्या. आईने हातातली इस्त्री न थांबवता मानेनेच मागची खोली दाखवली.

ताईंनी दार लोटलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. गळालेली सगळी मुलं तिथे होती. चादरींच्या गाठोड्यांवर बसून पोट धरधरून हसत होती. मधोमध चिमणी, कुणाचा तरी ढगळ पांढरा कोट चढवून तिरसट डॉक्टर झालेली. आणि तिच्यापुढे पेशंट होऊन कण्हत होती ताईंची स्वतःची लेक. ती या वेळी गणिताच्या क्लासला असायची.

हसणं गपकन थांबलं.

"तू इथे?" ताईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"आई, यांनी बोलावलं मला," लेक पुटपुटली. "तुला सांगायचा धीर झाला नाही."

"केंद्रात काय कमी होतं रे तुम्हाला?"

सगळे चिमणीकडे बघू लागले. मग चिमणीच बोलली. "ताई, तुमच्याकडे तीन नाटकं केली मी. तिन्हींत घर सोडून पळाले, तिन्हींत रडले. लोक टाळ्या वाजवायचे. मला मात्र घरी झोप लागायची नाही."

"मला वाटलं, तुला तुझी गोष्ट सांगायची असेल."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

थोबाडीत बसावी तसं झालं ताईंना. त्या एका गाठोड्यावर बसल्या. ज्या नाटकांचं कौतुक त्या येईल त्याला सांगत होत्या, त्यांनीच ही मुलं घालवली होती. आणि हे पोटच्या पोरीला ठाऊक होतं.

शेवटी उठत त्या म्हणाल्या, "हॉल तुमचाच आहे. नाटकही तुम्हीच ठरवा. मी पडदा ओढेन."

पुढच्या आठवड्यात चिमणी आली, सोबत बहुतेक मुलंही आली. दोघं मात्र लॉन्ड्रीतच बरं म्हणाली. ताईंनी त्यांना आग्रह केला नाही.