न्यायाधीशाच्या गादीवर बसलेला गोळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गोळा आहे. तोफेचा नव्हे. तोफेच्या गोळ्यासमोर निदान शत्रू तरी असतो.

पेशवाईत कसबा पेठेतल्या एका लोहाराने मला घडवले आणि मी न्यायकचेरीत चाकरीला लागलो. खरे-खोटे ठरेनासे झाले की मला लालबुंद तापवत आणि माणसाच्या हातांवर ठेवत. हात भाजले तर माणूस खोटा. लोक मला नमस्कार करत. मलाही आपण फार शहाणे आहोत असे वाटे.

त्याच कचेरीत यज्ञेश्वरपंत उमेदवारी करायला आले. मला धरणाऱ्याच्या तळव्यांवर पिंपळाची पाने बांधायची, हे त्यांचे पहिले काम. पुढे ते कारकून झाले, साक्षी लिहू लागले. मग पंचांत बसले आणि केस पिकल्यावर न्यायाधीश झाले. पाने बांधलेले ते हात मात्र ते विसरले नाहीत.

एकदा धायरीच्या मुक्ताबाईचे शेत सर्जेराव सरदारांनी आपल्या हद्दीत ओढले. ती विधवा बाई दाद मागायला कचेरीत आली.

"पंत, बाईला गोळा धरू द्या," सरदार म्हणाले. "घटकाभरात निकाल!"

"धरते की," मुक्ताबाई म्हणाली. "पर हात जळाल्यावर जिकलेलं शेत कसू कशानं?"

भट्टी पेटली होती. पंत उठले. त्यांनी मला तसाच थंडगार उचलून आपल्या गादीवर बसवले आणि स्वतः सतरंजीवर बसले.

"सरदार, निकाल हाच देणार असेल तर गादीही ह्याचीच. विचारा ह्याला, हद्दीचा दगड कुठे होता?"

"अहो, लोखंड कसं बोलेल?"

"मग जो बोलतो त्याला आत घ्या."

शेजारचा शेतकरी सोनबा सकाळपासून दारात बसून होता. गोळा हाताशी असताना साक्षीदाराला कोण विचारतो?

"दगड वढ्याकाठी हुता," सोनबा म्हणाला. "सरदारांच्या गड्यांनी हलवला. म्या बघितलं."

शेत मुक्ताबाईला मिळाले.

महिन्याभरात वरून निरोप आला: निकाल फिरवा, नाहीतर गादी सोडा. पंतांनी गादी सोडली. निघताना मला काखेत मारले.

"हा कशाला, पंत?" कारकुनाने विचारले.

"पुढच्याला सोपं पडायला नको."

तेव्हापासून मी पंतांच्या घराचे दार मिटू नये म्हणून ते अडवून बसलो आहे. नमस्कार बंद झाले. बरे झाले. मी न्याय कधी केलाच नव्हता. नुसता तापत होतो.

मित्रांनो, मला गंज चढतो. अधूनमधून पुसा, तेलाचे बोट फिरवा. पण तुमच्यात वाद झाला, तर दारात बसलेल्या माणसाला आधी आत बोलवा. मला तापवू नका. तापवलेत, तरी मी काही सांगणार नाही.