वरच्या मजल्याचा भार

दार पुन्हा अडकलं. वहिनींनी खांदा लावून रेटलं तेव्हा कुठे ते कुरकुरत निम्मं उघडलं. सुतार दोन-तीनदा येऊन तासून गेला होता. शेवटच्या वेळी तो म्हणाला होता, "वहिनी, दाराला काही झालेलं नाही. चौकटच दबतेय."

दबणारच. नवरा गेल्यापासून वहिनी खालच्या घरात शिवणकाम करत राहायच्या. स्वतःचं लग्न ठरल्यावर धाकट्या दिराने वर दोन खोल्या चढवल्या. डिझाइन कुणाकडून करून घेतलं नाही. "गवंडी जुना आहे, त्याला काय शिकवायचं?" म्हणाला. वहिनींनी हट्ट धरला नाही. लहानपणापासून अंगाखांद्यावर वाढवलेलं पोर, त्याला आनंदाच्या वेळी अडवायचं कसं?

मग खालच्या भिंतींना तडे गेले. तड्यांत लांबी-पुट्टी भरली की महिनाभर बरं दिसायचं, पुन्हा तेच. छतातून भुकटी गळायची. गिऱ्हाइकांचे कपडे झटकून झटकून वहिनींच्या नाकी नऊ आले. एके दिवशी प्लास्टरचा हातभर पोपडा शिलाई मशीनच्या सुईशेजारी आदळला. धाकटा धावत खाली आला.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनिअर बाईंना आणलं. त्या वर जाऊन आल्या, छत ठोकून पाहिलं.

"वरची मधली भिंत खाली कशावर टेकलीय?"

"स्लॅबवर," धाकटा म्हणाला.

"खाली ना भिंत, ना बीम. एकट्या स्लॅबला हा भार झेपत नाही."

"गवंडी म्हणाला होता, चालतं."

"आजवर चाललं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. अशी घरं पाहून पाहून त्या थकल्या असाव्यात. "वरचं उतरवायला लागेल. आणि खालचा स्लॅबही कामातून गेलाय."

म्हणजे दोघांचंही घर गेलं. संध्याकाळपर्यंत छताला लोखंडी टेकू लागले आणि सामान भाड्याच्या एका खोलीत हलवायला सुरुवात झाली. धाकट्याची बायको भांडी बांधत होती.

"वहिनी, चार शिव्या तरी घाला मला," धाकटा म्हणाला.

"त्यालाही अंगात बळ लागतं रे. मशीन उचल, एका बाजूने मी धरते."

स्लॅब फोडायला घेतला त्या दिवशी तिघंही रस्त्यावर उभी होती. पहिला तुकडा कोसळला तसा धाकटा लहान मुलासारखा रडायला लागला. वहिनींनी त्याला बाही धरून मागे ओढलं.

"मागे हो. डोळ्यांत धूळ जाईल."

 मग भाड्याच्या खोलीकडे वळल्या. तीन परकर शिवून द्यायचे राहिले होते.